कमी पळालेली जुनी मोटार : खोडव्यासारखीच सांभाळावी लागते

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



दर अंकात या पानावर आम्ही लागण, बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडवा व्यवस्थापन असे विषय मांडतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. कारणही तसेच आहे. उसाचे बिल जमा झाले की आपल्यातील बरेच सभासद जुनी चारचाकी बघायला शहराकडे जातात. नवी गाडी झेपत नाही आणि घरात म्हातारे माणूस, शाळेची पोरे असल्यावर गाडी तर लागतेच. गटात फिरताना बांधावर आम्हाला हमखास विचारले जाते, "साहेब, बारा वर्षांची गाडी हाय, पण पळालीया फक्त अठ्ठावीस हजार. निवृत्त माणसाची हाय, घरातच उभी असायची. घ्यावी काय?"

आम्ही सांगतो, घ्या. पण कमी पळाली म्हणजे तिला काही करायला नको, हा समज मनातून काढून मग घ्या.

हा समज आपल्या ओळखीचाच आहे. खोडव्याबाबत हेच होते. लागणीला आपण बेसल डोस देतो, बांधणी करतो, आळवणी करतो आणि खोडव्याला म्हणतो, "त्याला काय करायचं, ते आपोआप येतंय." मग बुडखे छाटायचे राहतात, नांगी भरायची राहते, आणि वजन काट्यावर आले की तोंड उतरते. कमी पळालेली जुनी मोटार ही खोडव्यासारखीच आहे. लागणीचा खर्च वाचलेला असतो, म्हणून निगेचाही वाचेल असे नाही.

किलोमीटर कमी म्हणजे नेमके काय?

हिशेब करू. बारा वर्षांत अठ्ठावीस हजार किलोमीटर म्हणजे वर्षाला सव्वादोन हजारांच्या थोडे वर, आणि दिवसाला सहा-साडेसहा किलोमीटर. म्हणजे गाडी घरातून मंडईत गेली आणि परत आली. एवढ्या अंतरात इंजिन पुरते तापतच नाही.

एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. ते बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर जाते, पण थोडी वाफ पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन चांगले तापले तर ती उडून जाते. न तापता बंद केले तर तिचे पाणी होऊन ऑइलमध्येच राहते. थंड इंजिनात न जळलेले पेट्रोलही थोडे थोडे ऑइलमध्ये मिसळते. त्यामुळे वर्षात दोन हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे ऑइल, हमरस्त्यावर दहा हजार चाललेल्या गाडीपेक्षा जास्त खराब झालेले असू शकते.

म्हणून गाडीच्या पुस्तकात सर्व्हिसचे दोन आकडे दिलेले असतात. एक किलोमीटरचा आणि दुसरा महिन्यांचा. पुढे लिहिलेले असते, "यांपैकी जे आधी होईल ते." आपण पहिला आकडा वाचतो आणि दुसरा सोडून देतो. कमी चालणाऱ्या गाडीला दुसराच आकडा लागू असतो.

आपल्या कारखान्याकडेच बघा ना. गाळप चार-पाच महिने चालते, बाकीचे महिने यंत्रे उभीच असतात. पण उभी आहेत म्हणून कोणी त्यांना तसेच सोडते काय? त्याच महिन्यांत ओव्हरहॉलिंग होते. रोलर काढतात, बेअरिंगे बघतात, पंप उघडतात. ते झाल्याशिवाय बॉयलरचे अग्निप्रदीपन होत नाही.

आमच्यावर आलेला प्रसंग

दुसऱ्याला शिकवण्याआधी आमचेच सांगतो. २०२४ साली आम्ही अशीच एक छोटी तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी घेतली. २०१२ चे मॉडेल, अठ्ठावीस हजार किलोमीटर. रंग चकचकीत, सीटवर प्लास्टिकचे कव्हर तसेच. विकणाऱ्या मध्यस्थाने "ऑइल बदललंय, काही करू नका" म्हणून सांगितले आणि आम्ही ते ऐकले. मातोश्रींना डोळ्यांच्या तपासणीला न्यायची घाई होती, त्यामुळे गाडी कोणाला दाखवलीही नाही. दिवसभर यंत्रे हाताळणाऱ्या वाहन विभागाचे फोरमन आमच्या खोलीपासून पन्नास पावलांवर बसतात, हे विशेष.

पंधरा दिवसांनी घरच्या मंडळींना घेऊन कोकणात लग्नाला निघालो. दाजीपूर मागे टाकले आणि फोंडा घाट उतरू लागलो. गाडीत मातोश्री, घरची मंडळी आणि दोन मुले. आम्ही चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. ही आमची चूक. पाच-सहा वळणे झाली आणि ब्रेकचे पेडल मऊ लागू लागले. पुढच्या वळणाला ते पायाखाली तळाला गेले. गाडी थांबेना.

तिसरा टाकला, दुसरा टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या अंगाला चर होता त्यात एक चाक घातले. गाडी थांबली. कोणाला काही झाले नाही. मातोश्री एवढेच म्हणाल्या, "बाळ, थोडा वेळ इथंच बसू या." अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखे घट्ट झाले. तेव्हा आम्हाला वाटले, काही बिघाडच नसावा. परत आल्यावर फोरमन साहेबांनी ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण काढले. आत कोऱ्या चहासारखे काळपट पाणी होते. ते म्हणाले, "साहेब, हे गाडीच्या जन्माचंच ऑइल दिसतंय. बारा वर्षांत कुणी हात लावलेला नाही."

कारण सरळ आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. गाडी चालो वा उभी राहो, ते काम चालूच असते. डॉट ३ प्रतीचे नवे ब्रेक ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तोच आकडा १४० अंशांवर येऊ शकतो. घाटात ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. आपण पाय दाबतो तो नुसती वाफ दाबण्यात जातो, चाकापर्यंत जोर पोचतच नाही. थंड झाल्यावर वाफ विरते आणि पेडल पुन्हा घट्ट लागते. गावच्या सपाट रस्त्यावर हा दोष कधीच दिसत नाही. तो घाटातच दिसतो.

दोनशे रुपयांच्या आसपासचे ऑइल न बदलल्यामुळे आमच्या घरातली पाच माणसे त्या वळणावर होती. हा लेख लिहिण्याचे कारण तेवढेच आहे.

गाडी घरी आली की पहिले काम

मागच्या मालकाने काय केले, काय नाही, याची पावती नसेल तर काहीच केलेले नाही असे धरून चालावे. मातीपरीक्षणाचा अहवाल नसेल तर आपण शेजाऱ्याच्या सांगण्यावर खत टाकतो काय? तसेच हे.

१) इंजिन ऑइल व फिल्टर : इंजिन गरम असताना जुने ऑइल पूर्ण काढावे, फिल्टर नवा घालावा. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून बघावे. तिथे लोण्यासारखा पांढरट चिकटा असेल तर तो बहुधा न तापता चालवल्याचा ओलावा असतो. पण ऑइलच्या पट्टीवरही ऑइल दुधाळ दिसत असेल आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासल्याशिवाय गाडी चालवू नये. पहिले ऑइल आतली घाण सोडवते, म्हणून हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ऑइल व फिल्टर बदलावा. त्यानंतर वर्षातून एकदा, मग गाडी चालली असो वा नसो. "जुनी गाडी आहे, जाड ऑइल टाका" असे कोणी सांगेल. इंजिन झिजलेले नसताना जाड ऑइल टाकू नये. पुस्तकात जो नंबर दिला असेल तोच घ्यावा.

२) ब्रेक ऑइल : पूर्ण बदलावे, नुसती डबी वर भरू नये. चारही चाकांतून जुने निघून स्वच्छ येईपर्यंत काढावे. डबा सीलबंदच आणावा. फोडून ठेवलेला डबा फडताळातही ओलावा ओढतो. यापुढे दर दोन वर्षांनी बदलावे. ब्रेकच्या डबीत चुकूनही इंजिन ऑइल ओतू नये. त्याने आतली रबरे फुगतात आणि ब्रेक जातात. ऑइल बदलतानाच मागची चाके खोलून घ्यावीत. उभ्या गाडीत चाकाच्या सिलिंडरमध्ये गंज धरतो आणि पिस्टन अडकतो.

३) कूलंट : रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालणे हा आपल्याकडचा सर्वांत मोठा गुन्हा. क्षाराच्या पाण्याने ठिबकच्या नळ्या कशा तुंबतात आणि त्यांना ॲसिड ट्रीटमेंट कशी करावी लागते, हे आपण जाणता. रेडिएटरच्या बारीक नळ्यांचेही तेच होते. जुने काढून, स्वच्छ पाण्याने धुऊन, कूलंट व डिस्टिल्ड वॉटर पुस्तकात दिलेल्या प्रमाणात भरावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये.

येथे एक सावधगिरीची सूचना. काढलेले कूलंट अंगणात किंवा घमेल्यात ठेवू नका. ते चवीला गोड असते आणि विषारी असते. कुत्री, वासरे तोंड लावतात. जळके ऑइलही पाटात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या.

४) गिअर ऑइल, स्पार्क प्लग, एअर फिल्टर : हेही एकदा बदलून टाकावे, म्हणजे आपल्या वहीत पहिली तारीख पडते. एअर फिल्टरचा डबा उघडताना आत उंदराचे घरटे निघाले तर नवल वाटू देऊ नका. आमच्या गाडीत भुईमुगाची फोलपटे निघाली.

रबराचे वय

लोखंड झिजते ते चालण्याने, पण रबर म्हातारे होते ते काळाने. जुन्या, कमी चाललेल्या गाडीतले खरे दुखणे रबराचे असते.

टायर : टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. २३१८ असे असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी कितीही खोल असली तरी पाच-सहा वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांचा झाला की काहीही न बघता काढावा. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर त्याआधीच काढावा. स्टेपनी विसरू नये, ती सर्वांत जुनी असते. याच आकड्यांचा आणखी एक उपयोग आहे. किलोमीटर अठ्ठावीस हजार दाखवत असेल आणि २०१२ च्या गाडीला टायरचा तिसरा जोड असेल, तर किलोमीटरचा काटा मागे फिरवला असण्याचा संशय घ्यावा. पेडलचे रबर गुळगुळीत आहे काय, स्टिअरिंग झिजून चकाकते काय, हेही बघावे. जुन्या सर्व्हिसच्या पावत्यांवर किलोमीटर लिहिलेले असतात, त्या मागून घ्याव्यात.

टायमिंग बेल्ट : काही इंजिनांत साखळी असते, काहींत रबरी पट्टा असतो. पट्टा असेल तर त्यालाही किलोमीटर आणि वर्षे अशी दोन्ही मुदत असते. चालता चालता पट्टा तुटला तर इंजिन जागीच बंद पडते, आणि काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटून हेड उघडावे लागते. बारा वर्षांचा पट्टा वरून चांगला दिसला तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पट्टा बदलताना त्याचा टेन्शनरही बदलावा.

पाण्याचे होज पाइप, ब्रेकचे होज पाइप, फॅन बेल्ट, पुढच्या ॲक्सलचे रबरी बूट, वायपर : हे सर्व हाताने दाबून, वाकवून बघावे. कडक झाले, भेगाळले किंवा ओले दिसले तर बदलावे.

पेट्रोल आणि आपले इथेनॉल

हा भाग आपल्या जिव्हाळ्याचा आहे. देशात इथेनॉल मिश्रणाचा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. जून २०२२ मध्ये मिश्रण दहा टक्क्यांवर गेले, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचे, म्हणजे ई-२० पेट्रोल काही पंपांवर मिळू लागले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. त्यामुळे साखर कारखान्यांच्या हातात पैसा लवकर येतो आणि उसाची बिले वेळेवर निघायला मदत होते, हे आपण जाणतो. इथेनॉलबद्दल वावगे बोलण्याचे आम्हाला कारण नाही. पण ज्याचे उत्पादन आपण करतो त्याचे गुणधर्मही आपल्यालाच आधी माहीत असावेत.

ई-२० ला टिकणारे भाग घातलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. आपली २०१२ ची गाडी त्यात बसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेही म्हटले होते की, काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटर वापरानंतर काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात. आपण काय करावे?

एक, पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलून इथेनॉलला चालणाऱ्या घालाव्यात. बारा वर्षांचे रबर नाहीतरी बदलायला आलेलेच असते. दोन, इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो, म्हणून फिल्टर साफ करून किंवा बदलून घ्यावा. तीन, इथेनॉल पाणी ओढते. पाणी मर्यादेबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाला बसते, पेट्रोल वर राहते, आणि पंप नेमका तळाचे ओढतो. म्हणून तेच पेट्रोल महिनोन् महिने टाकीत ठेवू नये. घेतलेली गाडी बराच काळ उभी असेल तर जुने पेट्रोल काढून नवे भरावे. चार, ॲव्हरेज काही टक्क्यांनी कमी येईल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी असते, त्याला बिघाड समजू नये. आणि गाडीपाशी पेट्रोलचा वास आला तर चावी फिरवू नये, आधी गळती शोधावी.

उंदीर, बॅटरी, गंज

आपली गाडी उभी राहते ती गोठ्याशेजारी, कडब्याच्या गंजीजवळ किंवा पेंडीच्या पोत्यांपाशी. उंदरांना बॉनेटखाली ऊबदार जागा मिळते आणि वायरी कुरतडल्या जातात. तंबाखूची पाने, डांबराच्या गोळ्या असे उपाय लोक करतात. आमच्या अनुभवाने जागा मोकळी व स्वच्छ ठेवणे आणि दोन दिवसांनी बॉनेट उघडून बघणे हाच खरा उपाय.

बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटर लावून साडेबारा व्होल्टच्या आसपास यावेत. टर्मिनलवर पांढरी पूड आली तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, मग व्हॅसलीन लावावे. पावसाळ्यात उसाच्या रस्त्याचा चिखल चाकांच्या वरच्या बाजूस घट्ट बसतो आणि तिथूनच पत्रा खातो. तेवढा पाइपने धुऊन काढावा. दरवाजांच्या तळाशी पाणी निघायची भोके असतात, ती काडीने मोकळी करावीत.

गाडी बरेच दिवस उभी करायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, ब्रेक धरून बसतो. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. आणि अंगणात पाच मिनिटे सुरू करून बंद करणे म्हणजे सर्व्हिस नव्हे. त्याने ओलावा वाढतोच. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणावी. गट ऑफिसला ऊस नोंदीला याल तेव्हा मोटारसायकलऐवजी गाडी आणा, तेवढ्यात तिचे काम होते.

भिंतीवर लावण्याचे वेळापत्रक

दर आठवड्याला : पंधरा-वीस किलोमीटर फेरी, बॉनेट उघडून उंदीर, गळती बघणे.
दर महिन्याला : टायरची हवा (स्टेपनीसह), इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइलची पातळी, दिवे.
दर वर्षी : इंजिन ऑइल व फिल्टर, एअर फिल्टर साफ, ब्रेक खोलून साफ, रबरी भाग व बॅटरी तपासणी, पीयूसी, विमा.
दर दोन वर्षांनी : ब्रेक ऑइल, कूलंट (पुस्तकात जास्त मुदत दिली असेल तर तितकी).
वर्षे बघून : टायर, टायमिंग बेल्ट, बॅटरी.
कागद : खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते व त्याची फी भरावी लागते. बारा वर्षांची गाडी घेताना तीन वर्षांनी येणारा हा खर्च किमतीत धरून बोलावे.

आम्हाला ही सगळी पहिली कामे, टायर व बॅटरी सोडून, सुमारे तीन टन उसाच्या बिलात पडली. व्यवहार ठरवताना विकणाऱ्याकडून तेवढी रक्कम कमी करून घ्यावी. "कमी पळालीया" म्हणून तो किंमत चढवतो. आपण "वय किती, पावत्या कुठे आहेत" हे विचारून ती उतरवावी.

घाटाचेही एक सांगून ठेवतो. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये तो उतरावा. ट्रॅक्टर-ट्रॉली उतारावर आपण अशीच काढतो. मोटारीत बसलो की ते विसरतो.

आमची ती गाडी अजून आहे. मागच्या महिन्यात ब्रेक ऑइल बदलून दोन वर्षे झाली, म्हणून पुन्हा बदलले. जुने तसे काही फार काळे झालेले नव्हते. फोरमन साहेब म्हणाले, "अजून चाललं असतं की सहा महिने." आम्ही म्हटले, चालले असते, पण मातोश्रींना पुन्हा कोकणात जायचे आहे.

सभासदांनी घेतलेली किंवा घेऊ घातलेली गाडी जाणकार माणसाला दाखवूनच पैसे मोजावेत. नड कितीही असली तरी एक दिवस थांबावे. आम्ही तो एक दिवस थांबलो नव्हतो. पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडव्यातील पाचट व्यवस्थापन घेऊन येऊ.